आता बिडी सोडून काय उपयोग?

कापूस आणि सागवान ही यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याची जुनी ओळख होय. हंगामात वाघाडी नदीकाठच्या या गावी कापसाच्या गाड्या येतात, आणि उन्हाळा तोंडावर आला की टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या जंगलपट्टीत तेंदूची कोवळी पाने तोडण्याची लगबग सुरू होते. कोलाम, गोंड, बंजारा आणि इतर अनेक कुटुंबांना ऐन रिकामपणाच्या दिवसांत या पानांमुळे चार पैसे दिसतात. पुड्यांत बांधलेली पाने गोदामात जातात, गोदामातून बिडी कारखान्यात जातात, आणि काही महिन्यांनी अशीच पाने, पोटात तंबाखू घेऊन, बंडलांच्या रूपाने याच भागातील पानठेल्यांवर परत येतात.

पानाचा प्रवास येथे संपतो. धुराचा मात्र सुरू होतो. तो माणसाच्या छातीत उतरतो आणि वीस-पंचवीस वर्षांनी आपला हिशेब मागू लागतो. हा हिशेब पुढे आला, डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, की रुग्णाच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो: "आता बिडी सोडून काय उपयोग? व्हायचे ते होऊन गेले." घरची माणसेही मान डोलावतात. "इतकी वर्षे ओढली, आता म्हातारपणी कशाला जिवाला त्रास?" असा त्यामागील भाव असतो. तो मायेचा असला तरी त्यातील समजूत सर्वस्वी चुकीची आहे. ती चुकीची का, हे सांगणे हा या लेखाचा हेतू होय.

एक ओळखीचा माणूस

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक शेतकरी डोळ्यांसमोर आणू. तो कोणी विशिष्ट इसम नव्हे. परंतु या तालुक्यातील कोणत्याही गावच्या पारावर तो भेटू शकेल. वय पंचावन्न. कोरडवाहू पाच एकर. त्यात कापूस आणि तूर. सोळाव्या वर्षी सोबत्यांबरोबर पहिली बिडी ओढली. पुढे रोजचे एक बंडल ठरून गेले. सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ येते, कफ पडतो, मग बरे वाटते. याला तो "बिडीचा खोकला" म्हणतो आणि त्यात काही वावगे मानीत नाही.

गेली तीन-चार वर्षे मात्र दम लागू लागला आहे. घरापासून शेताच्या धुऱ्यापर्यंत पूर्वी तो एका दमात जाई. आता वाटेत दोनदा थांबावे लागते. थांबण्याची लाज वाटते म्हणून तो थांबल्यावर बिडी पेटवितो. पावसाळ्याच्या अखेरीस आणि थंडीत छाती भरते, शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, सुई टोचून घेतली की आठ दिवसांत उतार पडतो आणि पुन्हा पहिले पाढे सुरू होतात. घरात याला "दमा" म्हणतात.

अखेर आशाताईच्या आग्रहावरून तो ग्रामीण रुग्णालयात जातो. दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, म्हणून प्रथम क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी होते. हे योग्यच आहे, कारण खोकल्याच्या कोणत्याही जुन्या रुग्णात क्षय नाही याची खात्री आधी झाली पाहिजे. क्षय निघत नाही. मग यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याची श्वासमापन चाचणी होते. एका नळीत जोराने फुंकावयाचे, एवढीच ती चाचणी. तिच्यावरून निदान होते: दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोध विकार, म्हणजेच डॉक्टर मंडळी ज्याला "सी.ओ.पी.डी." म्हणतात तो रोग.

या निदानाच्या दिवशी त्याच्या खिशात बंडल असते. त्याचे पुढे काय होते, यावर त्याच्या उरलेल्या आयुष्याचे स्वरूप बव्हंशी अवलंबून आहे.

रोगाचे स्वरूप

आपली श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाते आणि अखेर कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांत संपते. या कोशांच्या पातळ भिंतींतूनच प्राणवायू रक्तात जातो. नलिकांच्या आतील बाजूस सूक्ष्म केसांचे अस्तर असते. ते अखंड हलत राहून धूळ आणि कफ वरच्या बाजूस ढकलतात. शरीराने ठेवलेला हा झाडूवालाच होय.

तंबाखूचा धूर प्रथम या झाडूवाल्याला निकामी करतो. कफ साचू लागतो, नलिकांच्या भिंती सुजून जाड होतात, मार्ग अरुंद होतो. पुढे वायुकोशांच्या भिंती झिजून फाटतात. अनेक लहान कोशांचा मिळून एक मोठा, ढिला कोश बनतो. त्यामुळे प्राणवायू घेण्याचे क्षेत्र घटते आणि आत गेलेली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही. या रुग्णाला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याचा त्रास अधिक होतो, तो यामुळेच.

येथे दमा आणि हा विकार यांतील फरक ध्यानी घेतला पाहिजे. दम्यात नलिका आकुंचन पावतात, पण औषधाने बहुधा पूर्ववत मोकळ्या होतात. या विकारात मार्ग काही अंशी कायमचा अरुंद झालेला असतो आणि फाटलेल्या वायुकोशांच्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. म्हणून हा रोग मुळासकट बरा करणारे औषध आज नाही. श्वासावाटे घेण्याची औषधे नलिका मोकळ्या ठेवतात, धाप कमी करतात, रोग एकाएकी बळावण्याचे प्रसंग टाळतात. ती नियमित घेतलीच पाहिजेत. "पंपाची सवय लागते" हा समज निराधार आहे. सवय लागते ती बिडीची. परंतु पंप घ्यावयाचा आणि त्यावर बिडी ओढावयाची, हे एका हाताने आग विझवून दुसऱ्या हाताने पेटविण्यासारखे होय.

गेलेले आणि उरलेले

रोग बरा होत नसेल, तर बिडी सोडून उपयोग काय, हा प्रश्न आता अधिकच टोकदार होतो. त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी माणसांच्या फुप्फुसांची वर्षानुवर्षे मोजदाद करून दिले आहे.

निरोगी माणसाच्या फुप्फुसांची क्षमताही तिशीनंतर वर्षाला थोडी थोडी कमी होत असते. तो वयाचा धर्म आहे. इंग्लंडमधील चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील ७९२ कामकरी पुरुषांची आठ वर्षे तपासणी करून १९७७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान करणाऱ्या सर्वांचीच फुप्फुसे सारख्या वेगाने ढासळत नाहीत. परंतु ज्यांना धूर बाधतो त्यांची क्षमता इतरांपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने घटते. अशा माणसाने धूम्रपान सोडले, तर गेलेली क्षमता परत येत नाही. मात्र पुढील घसरण धूम्रपान न करणाऱ्याइतकी संथ होते. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म या निष्कर्षात आहे.

त्याची खातरजमा पुढे अमेरिका आणि कॅनडा या देशांत झाली. ३५ ते ६० या वयाच्या ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांची निवड करण्यात आली. या सर्वांना रोगाची सुरुवातीची लक्षणे होती, म्हणजे आपल्या शेतकऱ्याचीच ही थोडी आधीची अवस्था. अकरा वर्षांनी हिशेब पाहिला, तेव्हा ज्या पुरुषांनी धूम्रपान सोडून ते सुटलेलेच ठेवले त्यांची क्षमता वर्षाला सरासरी सुमारे ३० मिलिलिटरने घटली होती. ज्यांनी चालू ठेवले त्यांची सुमारे ६६ मिलिलिटरने.

हे आकडे शेताच्या हिशेबाप्रमाणे मांडून पाहू. समजा, आपला शेतकरी पहिल्या सेकंदाला १,५०० मिलिलिटर हवा फुंकू शकतो. सरासरीचा हाच वेग त्याला लागू धरला, तर बिडी सोडल्यास दहा वर्षांनी त्याच्याजवळ १,२०० मिलिलिटर उरतील. न सोडल्यास ८४०. फरक ३६० मिलिलिटरचा, म्हणजे चहाच्या तीन-साडेतीन कपांएवढ्या हवेचा. ऐकताना तो क्षुल्लक वाटेल. परंतु पहिल्या अवस्थेतला माणूस सावकाश का होईना, धुऱ्यापर्यंत जाऊन येतो, बाजार करतो, नातवंडाला शाळेत पोचवितो. दुसऱ्या अवस्थेतल्या माणसाला अंगात सदरा घालतानाही धाप लागते. प्रत्येक रुग्णाचा वेग निराळा असतो, हे खरे. पण दिशा हीच असते.

आयुर्मानाचा हिशेबही असाच बोलका आहे. ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयी आणि मृत्यू यांचा अभ्यास १९५१ साली सुरू झाला आणि पन्नास वर्षे चालला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले. ज्यांनी तिशीत सोडली त्यांनी ही दहाही वर्षे वाचविली. चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनीही तीन वर्षे कमाविली. म्हणजे लवकर सोडणे उत्तम, हे निर्विवाद. तथापि "आता उशीर झाला" असे म्हणण्याजोगे वय या हिशेबात साठीपर्यंत तरी सापडत नाही.

सवय चिवट का असते?

निदान झाले, भीती वाटली, म्हणजे माणूस आपोआप बिडी सोडील, अशी अनेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. डेव्हिड लिंच या नामांकित अमेरिकी चित्रपट-दिग्दर्शकाचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. फुप्फुसांच्या वायुकोशांचा हाच रोग त्यांना असल्याचे २०२० साली निष्पन्न झाले. धूम्रपान मात्र सुटले ते २०२२ साली. उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असतानाही मध्ये दोन वर्षे गेली. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या आजाराची आणि घराबाहेर पडणेही कठीण झाल्याची जाहीर वाच्यता केली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्ञान, पैसा आणि कीर्ती यांपैकी काहीही या सवयीपुढे पुरेसे पडत नाही, हे त्यावरून दिसते.

याचे कारण निकोटिन हे द्रव्य होय. धुरातून ते काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदू त्याला सरावतो. ते मिळेनासे झाले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रता न होणे, भूक वाढणे अशी लक्षणे दिसतात. पहिले दोन-तीन दिवस ती सर्वांत तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. म्हणून जो सोडू शकत नाही तो दुबळ्या मनाचा, असे समजणे अन्यायाचे आहे. ते एक व्यसन आहे, आणि व्यसनाला उपचार असतात.

वर उल्लेखिलेल्या अमेरिका-कॅनडातील पाहणीत ज्यांना समुपदेशन आणि निकोटिनयुक्त च्युइंग गम यांची मदत देण्यात आली, त्यांच्यापैकी २२ टक्के पाच वर्षांपर्यंत धूम्रपानापासून दूर राहिले. ज्यांना अशी मदत मिळाली नाही त्यांच्यात हे प्रमाण अवघे ५ टक्के होते. दोन्ही आकडे नीट पाहावेत. मदतीने यश चौपटीहून अधिक वाढते, हा एक बोध. मदत मिळूनही बहुसंख्यांना पहिल्या खेपेस जमत नाही, म्हणून प्रयत्न पुन्हा करावा लागतो, हा दुसरा.

काही रूढ गैरसमज

पहिला गैरसमज असा, की बिडी पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. परंतु तेंदूचे पान सच्छिद्र नसते, बिडी सारखी विझू पाहते, म्हणून ती जोराने आणि वारंवार ओढावी लागते. परिणामी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा भार सिगारेटपेक्षा कमी तर नसतोच. पुष्कळदा अधिक असतो. आपल्या देशात हा प्रश्न प्रामुख्याने बिडीचाच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक बिडी, तर ४ टक्के लोक सिगारेट ओढत होते.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. "बिडी सोडली आणि खोकला वाढला, छातीला बिडीच लागते", असे पुष्कळ जण सांगतात. अनुभव खरा असतो, त्याचा अर्थ मात्र उलटा लावला जातो. धूर थांबला की श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. खोकला काही आठवडे वाढू शकतो तो यामुळे. झाडलोट सुरू झाली की घरात धूळ उडतेच. म्हणून कोणी झाडू टाकून देत नाही. ही गोष्ट रुग्णाला आधीच सांगून ठेवली, तर तो गोंधळणार नाही. मात्र कफात रक्त दिसले, ताप आला किंवा धाप एकदम वाढली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

तिसरा गैरसमज "कमी करतो" या शब्दांत असतो. बंडलावरून पाच बिड्यांवर येणे ही सोडण्याची पायरी असेल तर ठीक. तोच मुक्काम झाला तर लाभ नाही. माणूस पाच बिड्याच अधिक खोलवर ओढू लागतो आणि पाचाच्या पुन्हा पंचवीस होण्यास एक लग्न किंवा एक मयत पुरते.

सोडण्याची रीत

सोडण्याचा दिवस ठरवावा आणि तो आठ-पंधरा दिवसांच्या आतला असावा. पेरणी, वेचणी किंवा घरचे कार्य अशा धामधुमीत तो धरू नये. त्या दिवशी घरातील बंडल आणि खिशातील काडीपेटी दोन्ही बाहेर काढावी. घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि ज्यांच्यासोबत बिडी ओढली जाते त्या सोबत्यांनाही निश्चय सांगून टाकावा. गुपचूप सोडलेली बिडी गुपचूप परत येते.

बिडीच्या ठरलेल्या वेळा ओळखाव्यात: पहाटेची, चहानंतरची, जेवणानंतरची, धुऱ्यावर बसल्यावरची. त्या वेळी दुसरे काहीतरी हाती घ्यावे. तलफ आली की ती काही मिनिटांतच उतरते, हे लक्षात ठेवून तेवढा वेळ घालवावा. पाणी प्यावे, जागा बदलावी, ओठ शीळ घालताना करतो तसे करून सावकाश श्वास सोडावा. या श्वास सोडण्याच्या पद्धतीने धाप लागलेल्या रुग्णालाही आराम पडतो, म्हणजे एकाच कृतीने दोन कामे होतात.

रोजचे व्यसन जुने असेल तर औषधाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये. निकोटिनयुक्त गम आणि पट्ट्या या शरीराला थोडे निकोटिन देतात, पण धूर देत नाहीत. काही आठवड्यांनी त्याही कमी करीत बंद करता येतात. तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत. यांतील काय, किती आणि किती दिवस घ्यावयाचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना सल्ला देते.

मध्येच एखादी बिडी ओढली गेली, तर सारे बुडाले असे समजू नये. एक बिडी ही चूक आहे. दुसरे बंडल विकत घेणे हा निर्णय आहे. दोहोंतील अंतर राखले की पुन्हा उभे राहता येते.

ज्या रुग्णाला घरी प्राणवायू लावण्याचा सल्ला दिला आहे, त्याच्या खोलीत तर बिडी, काडी किंवा चूल काहीही पेटता कामा नये. प्राणवायूमुळे आग भडकते आणि भाजण्याचे गंभीर प्रसंग ओढवतात.

खर्र्याची पळवाट

विदर्भात आणखी एका सावधगिरीची गरज आहे. बिडी सोडणारा माणूस पुष्कळदा खर्र्याकडे वळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा धूर करीत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. २०१६-१७ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के आढळले होते. म्हणजे बिडीवाल्याच्या अवतीभोवती खर्रा खाणारेच अधिक असतात आणि तो सहज पुढे केला जातो. खर्र्याने निकोटिनचे व्यसन जिवंत राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचे नवे संकट ओढवते. शिवाय निकोटिनची तार तुटलेली नसल्याने बिडीकडे परतणेही सोपे जाते. शेजारच्या विभागातील गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून "मुक्तिपथ" या नावाने दारू आणि तंबाखू यांच्याविरुद्ध जे गावोगावचे काम चालले, त्यात खर्र्याचा प्रश्न अग्रभागी होता. यास्तव निश्चय करताना तो "बिडी सोडतो" असा न करता "तंबाखू सोडतो" असा करावा.

घरातील दुसरा धूर

आपल्या शेतकऱ्याने बिडी सोडली, पण तो ज्या खोलीत बसतो तिच्यातच चुलीत पऱ्हाटी जळत असेल, तर काम अर्धेच झाले. लाकूड, पऱ्हाटी आणि शेण्या यांच्या धुरानेही हा रोग होतो. भारतातील या विकाराच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये सुमारे ५ कोटी ५३ लाख झाल्याचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देण्यात आला. या रोगाच्या भारात घरातील व बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा वाटा निम्म्याहून अधिक, तर तंबाखूचा सुमारे एक चतुर्थांश असल्याचे त्यात दिसून आले.

याचा एक अर्थ असा, की जन्मात बिडीला हात न लावलेल्या आणि तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या त्याच्या पत्नीलाही हाच रोग असू शकतो. तिचा खोकला मात्र कोणी मोजीत नाही. पतीची तपासणी होते त्या दिवशी तिचीही व्हावी. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. परंतु पुन्हा टाकी भरण्याचा खर्च झेपत नाही, तेथे चूल सुरूच राहते. निदान रुग्ण असलेल्या घरी तरी गॅसचा वापर सातत्याने व्हावा आणि चूल असेलच तर ती उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी असावी. शेतातील काडीकचरा पेटविणे आणि सरकी वेगळी करताना उडणारी कापसाची धूळ, यांपासूनही अशा रुग्णाला दूर ठेवले पाहिजे.

कार्यालय, शाळा आणि पंचायत

बिडी सोडणारा माणूस एकटा असतो आणि त्याला परत ओढणारे पुष्कळ असतात. हे प्रमाण बदलणे हेच गावातील जाणत्या मंडळींचे काम होय.

आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रत्येक भेटीत बिडीची चौकशी करावी. पण ती कशी करावी यालाही महत्त्व आहे. "काका, अजून ओढताच ना? मग मरा" असे म्हणणाऱ्याला रुग्ण पुढच्या खेपेस खोटे सांगतो. "काकाजी, कालपासून बिडीवाचून किती वेळ काढला?" असे विचारणाऱ्याला तो खरे सांगतो. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची जी प्राथमिक माहिती प्रपत्रात भरून घेतात, तीत तंबाखू, दम लागणे, खोकला आणि स्वयंपाकाचे इंधन यांविषयीचे प्रश्न आहेत. हे प्रपत्र केवळ भरून ठेवण्यासाठी नाही. त्यातून दम लागणाऱ्यांची यादी निघावी आणि ती माणसे श्वासमापन चाचणीपर्यंत पोचावीत, हे पाहणे अगत्याचे आहे.

शिक्षकांच्या हाती तर पुढची पिढी आहे. वडिलांच्या सांगण्यावरून मुलगा बंडल आणावयास जातो, ही या सवयीची पहिली शाळा. तंबाखूविषयीच्या २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकण्यास मनाई केली आहे. शाळेसमोरील ठेल्याकडे मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने याच दृष्टीने पाहावे. वर्गात शिकलेला मुलगा घरी जाऊन वडिलांच्या आजारपणाची टवाळी न करता त्यांना धुऱ्यापर्यंत सोबत करील, एवढे शिकविले तरी पुष्कळ झाले.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर काटेकोर मनाई लागू आहे. ग्रामपंचायतीची बैठक, शासकीय कार्यालय, बसथांबा ही सारी सार्वजनिक ठिकाणेच होत. सुट्या बिड्या आणि सिगारेटी विकण्यास राज्य शासनाने २०२० साली बंदी केली. ज्याने बंडल घेणे सोडले, त्याला ठेल्यावर मिळणारी एक सुटी बिडीच परत बिडीकडे नेते. म्हणून हा नियम सोडू पाहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा आहे. ग्रामसभेने ठराव करून या तरतुदी गावात पाळल्या जातील असे पाहावे, आणि सोयरिकीच्या बैठकीत किंवा तेरवीला ताटात बंडले ठेवण्याची प्रथा समजुतीने बंद करावी.

यात तेंदूपाने तोडणाऱ्या कुटुंबांशी वैर नाही. त्यांची मजुरी हा स्वतंत्र आणि जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, आणि तिला पर्याय उभा करणे हे शासनाचे व समाजाचे कर्तव्य आहे. परंतु हीच कुटुंबे बिडीही ओढतात. एका हंगामाची मजुरी पुढे कधीतरी श्वासाच्या औषधावर खर्च व्हावी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने परवडणारा नव्हे.

उत्तर

तर मग, आता बिडी सोडून काय उपयोग? उपयोग हा, की गेलेला श्वास परत येत नसला तरी उरलेला राखता येतो. बिडी सोडली की दोन-तीन दिवसांत रक्तातील विषारी वायू ओसरतो, काही आठवड्यांत कफ मोकळा होऊ लागतो, आणि त्यापुढे प्रत्येक वर्षी घसरण सुमारे निम्म्या वेगाने होते. औषधाने न साधणारी ही गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाही. उलट बंडलाचा रोजचा खर्च वाचतो.

आपल्या शेतकऱ्याच्या खिशातील बंडल निदानाच्या दिवशी बाहेर निघाले, तर तो पुढील अनेक हंगाम धुऱ्यावर उभा राहून पऱ्हाटीला लागलेली बोंडे स्वतः पाहील. वाटेत एकदा थांबावे लागेल. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. त्या थांब्यावर त्याच्या हाती बिडी नसावी आणि शेजारी कोणीतरी आपले माणूस असावे, एवढी तजवीज घर, गाव आणि शासन मिळून खात्रीने करू शकतात.